सासूबाईंच्या दारची पट्टी

१ जानेवारी, सकाळ

नवं वर्ष, नवी वही. संकल्प मोजकेच. वजन उतरवायचं. रविवारी सासूबाईंकडे पास्ता एकदाच वाढून घ्यायचा. सभेत थोडक्यात बोलायचं. आणि मार्चमध्ये विलाबरी शहराचा महापौर व्हायचं.

शेवटचा संकल्प झाल्यातच जमा. सात नगरसेवक आपल्यातूनच महापौर निवडतात, चार मतं लागतात. ग्रॅहम खाटीक, नोएल पबवाला, शाळेतून निवृत्त झालेल्या जूडिथबाई आणि मी. झाली चार. व्हर्न शॅक्लॉकला वाटतं तोच होणार. वाटू दे बापड्याला.

रात्री: पास्ता तीनदा. मम्मा वाढताना हात आखडत नाही, त्याला मी काय करणार? उद्यापासून.

(मम्मा म्हणजे माझी बायको नेल्ला हिची आई, फिलोमेना. वय एक्याऐंशी. इटलीतल्या कालाब्रियाहून लग्न करून इथे आली ती इथलीच झाली. आमच्या मागच्या गल्लीत राहते. दोघांची परसं पाठीला पाठ लावून, मधल्या कुंपणाला छोटं फाटक. हे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे कुणी महापौराचं चरित्र लिहायला घेतलं तर शोधत बसायला नको.)

५ जानेवारी

महापौर व्हायचं तर नावावर एखादी ठोस कामगिरी हवी. आज सापडली.

दुकानातून पायी घरी येत होतो (वजन). फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली ती पट्टी. जमीन काउन्सिलची, गवत कापायचं घरवाल्यानं. सगळ्यांना ठाऊक असलेला नियम आणि पाळत कुणीच नाही. एकाच्या पट्टीवर मोडकी होडी. एकाच्या पट्टीवर सोफा, त्यावर ‘फुकट न्या’ अशी पाटी, आणि सोफ्यावर मांजर. एकीनं तर सिमेंटचे पेलिकन मांडलेत, सहकुटुंब.

माझं धोरण: पट्टीवर फक्त गवत. तेही घोट्याच्या खाली. बाकी सगळं हटवा.

नेल्ला म्हणाली, तुझं दुकान गवत कापायच्या यंत्रांचं, लोक काय म्हणतील? म्हटलं, लोक म्हणतील माणूस आपल्या विषयातला जाणकार आहे. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. कौतुक तिला शब्दांत मांडता येत नाही.

१७ जानेवारी, मंगळवार

ऐतिहासिक दिवस.

अर्धा तास बोललो. सगळे स्तब्ध. नोएलचे तर डोळे मिटले होते, इतका तल्लीन. नियोजन विभागाची फियोना उभी राहिली. हुशार मुलगी, पण उत्साहावर पाणी ओतायची खोड. तिनं विचारलं, काही अपवाद ठेवायचे का? कुणी फुलझाडं लावतं, कुणी भाजी. मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो, अपवाद नाही म्हणजे नाही, नियम मोडणारी माझी सासू का असेना!

टाळ्या. ठराव एकमतानं मंजूर. व्हर्ननंसुद्धा हात वर केला, आणि हसत होता. मोठेपणा म्हणायचा. प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या कामाला दाद द्यायला मन लागतं.

२० जानेवारी

फियोनाची माणसं दोन दिवस गल्लोगल्ली फिरली. आज नोटिसा निघाल्या, चांगला मोठा गठ्ठा. अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत पट्टी मोकळी करा, नाहीतर काउन्सिलचा ट्रक येऊन करेल.

फियोना म्हणाली, अधिकाऱ्याची सही पुरते. म्हटलं, नाही, माझी असू दे. लोकांना कळलं पाहिजे यामागे कोण आहे. सगळ्यांवर सह्या केल्या. नावं-पत्ते वाचत बसलो नाही. मोठ्या जागेवरच्या माणसानं तपशिलात गुंतू नये.

मनगट दुखतंय. पण चांगलं दुखतंय.

२२ जानेवारी, रविवार

दुपारी साडेबाराला नेहमीप्रमाणे फाटकाशी गेलो. उघडेना. कडी गंजली असेल म्हणून हलवलं. पलीकडून आतून कडी घातलेली. हाका मारल्या. आतून ताटांचा आवाज येत होता, लसूण परतल्याचा वास येत होता, माणसाचा आवाज काही येईना. नेल्ला सकाळीच मदतीला पुढे गेलेली.

जेवण: टोस्ट.

चार वाजता नेल्ला आली. तिचं बोलणं थोडक्यात असं. मम्माला नोटीस आली आहे. मम्माच्या दारासमोरच्या पट्टीवर टोमॅटो आहेत. गेली चाळीस वर्षं आहेत. आपण वर्षभर जो सॉस खातो तो त्यांचाच.

मी म्हटलं, ते टोमॅटो तर परसातले ना? नेल्ला म्हणाली, परसात अंजीर आहे, लिंबू आहे, ऊन औषधालाही नाही. अठ्ठावीस वर्षं त्या परसातून ये-जा करतोस, एक तरी टोमॅटो दिसला का तुला तिथे?

आठवून बघितलं. नाही दिसला. पण मी तरी काय करू? त्या फाटकातून आत जाताना मी भुकेला असतो आणि बाहेर येताना सुस्त. पुढच्या दाराशी काय आहे ते बघायचा प्रसंगच कधी आला नाही.

मम्मा म्हणाली म्हणे, माझ्या ताटात जेवणारा माणूस मला पोस्टानं पत्र पाठवतो! मागच्या दारानं येऊन सांगायला जीभ झडली होती का त्याची?

नेल्ला म्हणाली, आत्ता उठ, जा आणि म्हण चुकलो. म्हटलं, वेडी आहेस का? पदावर असलेल्या माणसाला असं भावनेच्या भरात जाता येत नाही. रीतसर खुलासा करावा लागतो.

उद्या सविस्तर पत्र पाठवतो.

२४ जानेवारी

पत्र पाठवलं. दोन पानी, रजिस्टर्ड. आशय: नोटीस वैयक्तिक आकसातून नाही, कायद्यापुढे सासू आणि इतर नागरिक समान आहेत, कळावे, आपला नम्र. एक प्रत फियोनाला.

आता गैरसमज राहायचं कारण नाही.

२७ जानेवारी

पत्र पोचलं. नेल्ला बघून आली. मम्मानं त्याच्या छोट्या छोट्या पुड्या बांधून त्यात मिरचीचं बी भरून ठेवलंय.

म्हणजे कागद जपून ठेवलाय. चांगलं लक्षण आहे.

२९ जानेवारी, रविवार

फाटक बंद. टोस्टवर चीज. वजन दीड किलो उतरलं, संकल्प फळाला येतोय.

संध्याकाळी नेल्लानं सांगितलं ते मात्र गंभीर आहे. दरवर्षी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मम्माकडे सॉसचा रविवार असतो. सगळं घर जमतं, अंगणात मोठी कढई चढते, टोमॅटो दळतात, वर्षाच्या बाटल्या भरतात. मीही राबतो. माझ्याकडे चव बघायचं काम आहे. पण यंदा उन्हाळा (आमच्याकडे तो डिसेंबर ते फेब्रुवारी) थंड गेला, टोमॅटो अजून हिरवेगार. मार्चचा मध्य उजाडेल म्हणते. आणि माझी मुदत अठ्ठावीस फेब्रुवारीची.

मी म्हटलं, मग आता? ती म्हणाली, मग आता ट्रक येणार आणि मम्माचा वर्षाचा सॉस कचऱ्यात जाणार, आणि त्या कागदावर तुझी सही असणार. मम्मा तुला परत दारात उभं करणार नाही, आणि क्लाइव्ह, मी तिला समजवायला जाणार नाही.

झोप लागली नाही. टोस्टनं ॲसिडिटीही होते.

३ फेब्रुवारी

मार्ग सापडला! स्वतःचाच ठराव रद्द करायचा ठराव. तीन सह्या लागतात. माझी, ग्रॅहमची, नोएलची. एकवीस तारखेच्या सभेत येईल.

फियोना म्हणाली, एक अडचण आहे. सासूचा मामला, म्हणजे तुमचा हितसंबंध. तुम्ही तो जाहीर करून सभागृहाबाहेर जायचं, मत द्यायचं नाही.

हरकत नाही. मी बाहेर, उरले सहा. कोरमला चार लागतात, सहा आहेत. ग्रॅहम, नोएल, जूडिथबाई आणि जनावरांची डॉक्टर लिन्ह आपल्या बाजूनं. चार विरुद्ध दोन. गणित पक्कं.

फियोना म्हणाली, फक्त एक करा, ‘सासूबाईंचं घर आहे, हितसंबंध जाहीर करतो’ एवढंच म्हणा आणि उठा. एकच वाक्य. म्हटलं, बघू.

एकच वाक्य! अशा प्रसंगी माणसाची उंची दिसते. भाषण लिहायला घेतलंय.

८ फेब्रुवारी

व्हर्न दुकानात आला. घेतलं काही नाही. म्हणाला, काय क्लाइव्हसाहेब, सासूबाई बऱ्या आहेत ना? टोमॅटो यंदा असे लगडलेत म्हणून सांगू, रोज सकाळी खिडकीतून बघतो.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. व्हर्न मम्माच्या बरोबर समोर राहतो. म्हटलं, माहीत होतं तर त्या दिवशी हात का वर केलास? म्हणाला, वा! तूच ना म्हणालास, सासू का असेना? एवढा तत्त्वनिष्ठ माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता, भारावून गेलो.

गोगलगाय आणि पोटात पाय! जाताना काउंटरवरची लिमलेटची गोळीही उचलली.

१२ फेब्रुवारी, रविवार

आज धीर केला. फाटकावर टकटक केली. पलीकडून मम्माचा आवाज आला, नेल्ला, बघ गं कोण आहे, पोस्टमन असेल तर म्हणावं रविवारी टपाल घेत नाही आम्ही.

तीन आठवड्यांनी आवाज ऐकला. बोलली तरी. बर्फ वितळतोय.

जेवण: टोस्टवर बीन्स.

१४ फेब्रुवारी

नेल्लासाठी फुलं आणली. तिनं ती सरळ मम्माकडे नेऊन फुलदाणीत ठेवली. म्हणजे माझी फुलं मम्माच्या टेबलावर पोचली. याला मुत्सद्देगिरी म्हणतात. ठरवून केलं नव्हतं, पण रक्तात असावं लागतं.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

घडलं ते क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या विपर्यास होईल.

महापौर डोरीनबाईंनी विषय पुकारला. मी उभा राहिलो. नमनाला घडाभर तेल नको म्हणून भाषण दहा मिनिटांवर आणलं होतं. म्हणालो, माझ्या सासूबाईंचं घर आहे, मी हितसंबंध जाहीर करतो. फियोनानं दाराकडे बोट केलं. पण आता सूर लागला होता. म्हणालो, सार्वजनिक जीवनात माणूस धुतल्या तांदळासारखा हवा. नातं एकट्या रक्ताचं नसतं, अन्नाचंही असतं. त्या पट्टीवरचा एक टोमॅटो, अहो एक फोडसुद्धा ज्याच्या पोटात गेली असेल, त्यानं आज आपल्या मनाला विचारावं की मी इथे बसायला मोकळा आहे का?

हे व्हर्नकडे बघून म्हटलं होतं. त्याच्या खिडकीसमोर पट्टी, मम्मा त्याला काहीतरी देत असणारच. तो उठला की एक विरोधी मत कमी. डाव असा होता.

ताठ मानेनं बाहेर आलो आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसलो.

दोन मिनिटांत दार उघडलं. ग्रॅहम बाहेर आला. म्हटलं, अरे तू कुठे? म्हणाला, फिलोमेनाबाईंच्या सॉसशिवाय माझे सॉसेज होत नाहीत, दर नाताळला दोन बाटल्या देतात. तू म्हणालास मनाला विचारा. विचारलं. मन म्हणालं ऊठ.

मग जूडिथबाई. म्हणाल्या, क्लाइव्ह, नेल्ला माझ्या वर्गात होती तेव्हापासून त्यांच्याकडचे टोमॅटो खातेय, तुझं भाषण ऐकून मला मेलीला रडूच आलं. त्या माझ्या शेजारी बसल्या. मग लिन्ह. तिनं मम्माच्या कुत्र्याचं पोट साफ केलं होतं आणि फी म्हणून एक क्रेट घेतलं होतं.

आत उरले तीन. कोरम संपला. डोरीनबाईंना सभा थांबवावी लागली. ठराव तसाच राहिला, आणि ट्रकही.

मग उरलेलेही बाहेर आले. नोएल म्हणाला, माझ्या पबातला गुरुवारचा पास्ता कुणाच्या सॉसचा वाटतो तुम्हाला? मी भीतीनं उठलो नाही इतकंच. डोरीनबाई म्हणाल्या, मुलीच्या लग्नात सगळं जेवण त्यांनीच केलं होतं रे. आणि व्हर्न! हातात टोपी घेऊन म्हणाला, शुक्रवारी ताट पाठवतात, बायको गेल्यापासून न चुकता.

मग ते सगळे बाकावर, जमिनीवर बसून मम्माच्या स्वयंपाकाबद्दलच बोलत राहिले. वांग्याचं काय, भरल्या मिरच्यांचं काय. सगळ्यांना भुका लागल्या आणि सगळे नोएलच्या पबात गेले. मीही गेलो.

फियोना दिवे मालवत म्हणाली, हात दाखवून अवलक्षण! मी तिला म्हटलं, एक गोष्ट मान्य कर, माझ्या भाषणाचा एवढा परिणाम आजवर कधी झाला नव्हता.

२२ फेब्रुवारी

नेल्ला बोलत नाही. मम्मा बोलत नाही. कुत्रा बघून न बघितल्यासारखं करतो.

फियोना म्हणाली, आता हितसंबंध असूनही मत द्यायला मंत्र्यांकडून खास परवानगी हाच मार्ग, आठ आठवडे लागतात. मी आजच अर्ज टाकला, म्हटलं तातडीचं आहे असं लिही. ती म्हणाली, मंत्र्यांना टोमॅटो तातडीचे वाटतील का? हिला राजकारण कळत नाही.

नेल्लानं संध्याकाळी एकच वाक्य टाकलं, सगळीकडे अर्ज कर, फक्त मागच्या गल्लीत जाऊ नकोस.

२८ फेब्रुवारी

मुदत संपली. मंत्र्यांचं उत्तर नाही.

निश्चय: ट्रक येईल तेव्हा मी स्वतः आडवा उभा राहीन. माझ्या अंगावरून न्या म्हणेन. वर्तमानपत्रवाल्या मुलीलाही कळवून ठेवलंय. तिनं विचारलं, कुठल्या बाजूनं उभे राहणार, काउन्सिलच्या की टोमॅटोंच्या? विचार करून सांगतो म्हटलं.

२ मार्च, गुरुवार

सकाळी दुकानात फोन. फियोना. म्हणाली, ट्रक निघालाय, तुमच्या सासूबाईंच्या गल्लीत. एवढंच म्हणून ठेवला. चांगली मुलगी आहे.

धावत फाटकाशी गेलो. कडी. कुंपणावरून चढायला गेलो, पण दीड किलो उतरलं तरी पुरेसं उतरलेलं नाही. गाडी काढली. लांबून वळसा घालून, बागेला फेरी मारून, मम्माच्या दारासमोरच्या गल्लीत शिरलो. या गल्लीत शेवटचं कधी आलो होतो तेही आठवेना. मम्माचा घर नंबर शोधावा लागला!

आणि समोर ती पट्टी.

इथे खोटं लिहीत नाही, ही वही माझीच आहे. मी असं काही बघितलंच नव्हतं. काठ्या एका रेषेत. प्रत्येक झाड जुन्या स्टॉकिंगच्या पट्ट्यांनी हळुवार बांधलेलं. मधूनमधून बेसिल. माती काळीभोर, ओली, तणाचं एक पातं नाही. टोमॅटो अर्धे लाल, अर्धे हिरवे. एक्याऐंशी वर्षांची बाई हे सगळं रोज वाकून करते आणि मी अठ्ठावीस वर्षं फक्त वाढून घेतो. लाज वाटली. खरंच फार वाटली.

ट्रक उभा होता, पण उपटाउपटी दिसेना. मुकादम ट्रॉय आणि त्याचे दोन गडी क्रेट घेऊन वाकलेले. मम्मा फुटपाथवर स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून काठीनं दाखवत होती. तो नको, तो उद्याचा. ओढू नकोस रे, पीळ, गाईचं दूध काढल्यासारखं. ट्रॉय मला म्हणाला, कागदावर पट्टी मोकळी करा लिहिलंय, टोमॅटोंचं काय करा ते लिहिलेलं नाही, बाई म्हणतात घरात ठेवा, ठेवतोय.

खिशात भाषण होतं. वर्तमानपत्रवाली मुलगीही आली होती. भाषण काढलंच नाही. काढावंसं वाटलं नाही. मी मम्मासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, मम्मा, चुकलो. पत्र नको होतं पाठवायला. मी यायला हवं होतं.

मम्मानं काठीनं माझ्या गाडीकडे दाखवलं. म्हणाली, हे सांगायला गाडी लागली का तुला? घर तर मागेच आहे.

मी म्हटलं, तुझे टोमॅटो मी वाचवू शकलो नाही. ती म्हणाली, टोमॅटोंना काय धाड भरलीय? लाल आहेत त्यांचा सॉस, पिकतील ते खिडकीत, हिरवे तेलात मुरवीन. झाडं दर मार्चला मीच उपटते. यंदा तुझ्या काउन्सिलनं तीन दणकट माणसं पाठवली, माझी कंबर वाचली.

म्हणजे ठराव, भाषण, मंत्री, कशाचीच गरज नव्हती! म्हटलं, मग मम्मा, दीड महिना हा अबोला कशासाठी? म्हणाली, टोमॅटो दरवर्षी येतात रे. जावई मला देवानं एकच दिलाय, त्यानं पण पत्रच पाठवावं?

माझे डोळे भरून आले. वर्तमानपत्रवाल्या मुलीनं नेमका तेव्हाच फोटो काढला. मम्मा म्हणाली, रडतोस काय, क्रेट धर. दोन्ही हातांनी.

५ मार्च, रविवार

सॉसचा रविवार. सगळे आले होते. सगळे म्हणजे अख्खं काउन्सिल. डोरीनबाई म्हणाल्या, हितसंबंध जाहीर करून झालेत, आता लपवायचं काय? व्हर्ननं दळायच्या यंत्राचा दांडा फिरवला. ग्रॅहमनं जाळ सांभाळला. चव बघायचं काम मम्मानं लिन्हला दिलं.

मला बाटल्या धुवायला बसवलं. हे काम घरात नातवंडं करतात. पण पाया भक्कम तर इमारत भक्कम, असं मी नातवंडांना समजावून सांगितलं. ती म्हणाली, काका, बूच नीट धुवा.

मम्मानं मागच्या फाटकाची कडी काही काढली नाही. म्हणाली, यापुढे पुढच्या दारानं यायचं, येताना बघत यायचं. बागेला वळसा पडतो. वजनाच्या दृष्टीनं चांगलंच आहे.

पास्ता चारदा. भांडण मिटल्याच्या आनंदात मोजायचा नसतो.

७ मार्च, मंगळवार

महापौरपदी पुन्हा डोरीनबाई. माझी चार मतं होती, त्यातली तीन ऐन वेळी दुसरीकडे पडली. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर माझा फोटो: रडणारा नगरसेवक, हातात टोमॅटोचं क्रेट. दुकानात दोघा-तिघांनी कापून लावायला मागितला.

मन खचलेलं नाही. पट्टीचं धोरण तरी कागदावर शाबूत आहे. त्यावर नाव माझंच आहे, ते कुणी पुसू शकत नाही.

११ मार्च, शनिवार

फियोना म्हणाली, मम्माच्या पट्टीवर आता महिन्याभरात गवत लागलं पाहिजे. घरमालक ऐंशीच्या पुढचे असतील तर ते काम कुटुंबातल्या धडधाकट माणसानं करावं. कलम कुणी घातलं? मीच. भाषणाच्या भरात घातलं असणार.

ठीक आहे. लोकांना दाखवून देऊ, धोरण करणाराच पहिला राबतो. दुकानातून उत्तम प्रतीचं गवताचं बी घेतलं, कुदळ घेतली, पुढच्या दारानं गेलो. ऊन मऊ होतं. अख्खी पट्टी खणली. ढेकळं फोडली, खडे वेचले, माती भुसभुशीत केली, दोरी धरून ओळी आखल्या. व्हर्न खिडकीतून बघत होता. बघू दे म्हटलं.

मध्येच मागे वळून बघितलं. मम्मा माझ्यामागून येत होती. ॲप्रनच्या ओच्यात लसूण. मी उकरलेल्या ओळीत एकेक पाकळी खोचायची आणि पायानं माती लोटायची. अर्धी पट्टी लावून झाली होती.

म्हटलं, मम्मा, अगं इथे गवत लावायचंय! धोरण आहे! माझंच आहे! ती म्हणाली, लसूण वर आली की गवतासारखीच दिसते, कुणाला काय कळतंय. माती छान केलीस हो. हात बरा आहे तुझा. महापौर वगैरे काय घेऊन बसला होतास?

मी गवताच्या बियांकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं. खिडकीतून व्हर्ननं अंगठा वर केला.

मम्मा म्हणाली, उभा काय राहिलास, पुढची ओळ काढ, आणि जरा सरळ काढ.

काढली.